नऊ नंबरचा जॉब

बोटाला खाच लागली आणि माझा हात तिथंच थांबला. खरं तर तो जॉब मी नुसता उचलून खाली ठेवणार होते. सकाळी साताऱ्याहून एसटीनं कराड, तिथून रिक्षानं मलकापूरच्या या कॉलेजात. आल्या आल्या चहा, चहावर पोहे, पोह्यांवर परत चहा, आणि मॅडमना जेवणात मटण चालतं ना, हे शिपाई दोनदा विचारून गेलेला. बारावी व्होकेशनलची प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरचा परीक्षक उद्योगातला हवा म्हणून आमच्या कंपनीत पत्र आलं, आणि आमच्या तेवीस वर्षांच्या साहेबानं ते माझ्या टेबलावर टाकलं, ‘मायाताई, तुमचंच कॉलेज ना हे, तुम्हीच जाऊन या.’ तर नऊ मुलं आणि नऊ जॉब, पेपरच्या घड्यांवर ओळीनं मांडलेले. जॉब म्हणजे लोखंडाचे दोन चौकोनी तुकडे. एकाला त्रिकोणी दात, दुसऱ्याला त्रिकोणी खोबण, आणि दात खोबणीत असा बसला पाहिजे की मधून उजेड दिसता कामा नये. हे सगळं पोरांनी तीन तासांत, माझ्या डोळ्यांसमोर, कानशीनं घासून करायचं असतं. इथं ते आधीच तयार होऊन बसलेलं. आमच्या वेळी असं नव्हतं, असं मी मनातल्या मनात म्हणत होते आणि मला ते म्हणताना जरा बरंही वाटत होतं.

आठ जॉब मी लांबूनच ओळखले. त्यांच्यावर मशिनच्या गोल रेघा होत्या. कुठल्या तरी वर्कशॉपातून विकत करून आणलेले. पुसायची तसदीसुद्धा कुणी घेतली नव्हती, इतका परीक्षकांवर विश्वास. नववा मात्र हातानं केलेला होता. काळपट, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेला, वर ताजा ठोकलेला नऊचा आकडा. मी दात बाजूला काढला, खोबणीच्या आतून बोट फिरवलं, सवयीनं, आमच्या तपासणी टेबलावर दिवसाला चारशे पार्ट असेच बोटानं बघते मी. आणि आतल्या उजव्या भिंतीला, दात बसला की कुणाला दिसणार नाही अशा जागी, बारकी खाच. तिकोनी कानशीच्या कोपऱ्यानं एकदाच, खालून वर ओढलेली. ती मी ओढली होती. अठरा वर्षांपूर्वी, याच शेडमध्ये, त्या तिकडच्या तिसऱ्या वाईसवर, लोखंड आवळून धरायच्या पकडीवर.

आमच्या मेंढरांच्या कानाला अशी खाच असायची. डावा कान, मागच्या बाजूनं, एकच काप. माण तालुक्यातल्या त्या वाळक्या रानात प्रत्येक घराची खूण वेगळी. कुणाचा कान टोकाला कापलेला, कुणाचा मधून चिरलेला. आबा, माझे वडील, कोकरू मांडीवर घ्यायचे, काप मारायचे, वर हळद दाबायचे आणि सोडून द्यायचे. मी बारावीत जॉब घासून पूर्ण केला तेव्हा माझं नाव कुठं घालावं हे मला सुचेना. वर तर बोर्डाचा नंबर. म्हणून आत आमच्या मेंढीचा कान केला. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर धनगराची पोर म्हणून आधीच हसत होते, त्यात आणखी भर.

आणि हा जॉब कुठं असायला हवा होता, तर कपाटात. या शेडवर आम्हाला शिकवणाऱ्या जयराज सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, पोरीचा जॉब काचेच्या कपाटात ठेवणार, पुढच्या तुकड्यांनी बघावा म्हणून. पन्नासपैकी शेहेचाळीस. मी त्या शेहेचाळिसावर अठरा वर्षं काढली आहेत, हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही. डिप्लोमाच्या वर्गात गणिताच्या बाईंनी फळ्यासमोर उभं करून, तुम्ही व्होकेशनलची मुलं मागच्या दारानं येता, असं म्हटलं तेव्हा मी मनात म्हटलं, असू दे, माझा जॉब कपाटात आहे. दोन विषय राहिले, राहिले ते राहिलेच, आणि साताऱ्याच्या एमआयडीसीत पॅकिंगला उभी राहिले तेव्हाही हेच. नवरा पहिल्या वर्षी म्हणाला, तुझ्या हाताला बाईपण नाही, नुसते घट्टे आहेत, तेव्हासुद्धा मला ते कपाट दिसलं. पॅकिंगमधून तपासणीच्या टेबलावर यायला अकरा वर्षं लागली. तिथं पोहोचल्यावर मी माप घ्यायचं व्हर्नियर माझ्या पैशानं घेतलं, चांगल्यातलं, आणि ते मी पर्समध्ये ठेवते. आमच्यातल्या बायका त्यावरून चेष्टा करतात. करोत मेल्या.

मी पर्स उघडली, व्हर्नियर काढलं आणि जॉबची जाडी घेतली. ड्रॉइंगमध्ये जाडी दहा मिलिमीटर. माझा जॉब दहाला दहा होता, लोखंडाची पट्टीच तशी यायची. आकडा आला सहा पूर्णांक नऊ. मला वाटलं तिरकं धरलं. परत घेतली. सहा पूर्णांक नऊ. दाताच्या तुकड्याची घेतली, तीही तेवढीच. एक क्षण मला काही कळेना, लोखंड काही उन्हानं आटत नाही. मग मी तो नऊचा आकडा खिडकीकडे तिरका धरून बघितला. त्याच्या आसपास कानशीचे ताजे ओरखडे होते, आणि ओरखड्यांच्या खाली, अगदी पुसट, सातच्या आकड्याचा पाय. गेल्या वर्षीचा सात. म्हणजे दरसाली नंबर घासायचा आणि नवा ठोकायचा. घासायचा आणि ठोकायचा. अठरा वर्षं, अठरा पोरं. तीन मिलिमीटर लोखंड नुसतं नंबर पुसण्यात गेलं होतं आणि आधीच्या सतरा परीक्षकांपैकी एकानंही त्याला माप लावलं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा जॉब कपाटात मानानं नव्हता ठेवलेला, गरज पडेल तेव्हा बाहेर काढायला ठेवलेला होता.

‘नऊ नंबर कोण,’ मी विचारलं. आवाज शेडच्या पत्र्यावर जाऊन आदळला असावा, कारण सगळ्यांनीच वर बघितलं. एक मुलगी पुढं आली. अपेक्षा. काटक, सावळी, वेणी आवळून घातलेली, डाव्या हाताच्या नखांना अर्धवट खरवडलेलं नेलपॉलिश. मला तिचा त्याच क्षणी राग आला. तिच्या नखांचा आला, तिच्या न घाबरण्याचा आला. माझ्या अठरा वर्षांवर आपला नंबर ठोकून ही इथं उभी, आणि हिला ठाऊकसुद्धा नाही. मी तिच्या हातात व्हर्नियर दिलं आणि म्हटलं, माप घे. तिनं ते उलटं धरलं. मग सुलटं धरलं, पण जबडा उघडायचा कसा हे तिला माहीत नव्हतं. ‘हात बघू,’ मी म्हटलं. तिनं दोन्ही तळवे पुढं केले. एकही घट्टा नाही, कानस धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या मुळाशी जो येतो तो तर नाहीच. ‘दोन वर्षं काय केलंस इथं?’

‘लिवलं,’ ती म्हणाली. ‘जर्नल लिवलं. चार वह्या.’

‘कानस कधी धरली?’

‘न्हाई धरली, मॅडम. कुणी हातात दिलीच न्हाई. काचंच्या कपाटात असत्यात, त्याला कुलूप असतंय.’

सरळ सांगितलं तिनं. लाज नाही, रडं नाही. ‘आणि हा जॉब?’ मी विचारलं, तर म्हणाली, सरांनी काल दिला. बाकीच्यांनी विकत आणले, तिची आई मेसला चपात्या लाटते, तिनं सरांना सांगितलं की जमणार नाही, तर सर म्हणाले, थांब, तुझ्यासाठी एक आहे. हे ऐकताना मला लोणंदचा बाजार आठवला आणि आठवायला नको होता. मी सातवीत असेन. आबांबरोबर बाजाराला गेले होते, आणि मेंढरांच्या ओळीतून चालता चालता आबा थांबले. एका अनोळखी माणसाच्या दाव्याला आमची मेंढी होती. दोन वर्षांपूर्वी चोरीला गेलेली. कानाचं टोक कुणीतरी कापून टाकलं होतं पण मागची खाच शाबूत. आबांनी तिच्या कानावरून बोट फिरवलं, आता मी फिरवलं तसंच, आणि पुढं चालायला लागले. मी त्यांचा सदरा ओढला. आवं आबा, आपली हाय ती, बोला की. आबांनी मला भजी घेऊन दिली, आणि मग म्हणाले, ‘त्येच्या दारात दोनदा व्यालीया ती. त्यानं इकत घेतल्याली दिसतीया. आता आपली कुठली, बाय?’ मी ती भजी खाल्ली नाहीत. बापाचा इतका राग मला आधी कधी आला नव्हता. हरिबा धनगराला, माझ्या बापाला, कुणीही लुटावं आणि त्यानं भजी खावीत, असं मला वाटलं, आणि मी ठरवलं की मी बोलेन. माझं जे असेल ते मी दाव्यावरून सोडवून आणेन, चारचौघांत.

जयराज सर तोवर पाठीशी येऊन उभे राहिले होते. सकाळी त्यांनी मला ओळखलं नव्हतं. लग्नानंतरचं आडनाव, चष्मा, वजन. आता मात्र मी त्याच एका जॉबला धरून बसलेली बघून त्यांच्या लक्षात आलं असावं. ‘माया काय गं तू,’ ते म्हणाले, एकदम घरच्यासारखे, आणि अपेक्षाला हातानं लांब जायची खूण केली. ‘लय मोठी झालीस. चल, आत बस, निवांत बोलू.’ मी म्हटलं इथंच बोला. केस पांढरे झालेत, पण तोच सफारी, तीच खिशाला दोन पेनं. दहावीच्या पोरांना पत्रकं वाटत हा माणूस आमच्या गावच्या शाळेत आला होता. अकरावी बारावी आमच्याकडं, तिथून थेट डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला, तिथून इंजिनिअर, एकदम सरळ रस्ता. सायन्सला जाऊन पोरगी करणार काय, असं आबांना म्हणाला होता. पोरगी हुशार आहे, पण तुमचं सारखं फिरतं घर, झेपलं पाहिजे ना. आबांनी मान डोलावली, मी आत्याकडे मलकापूरला राहायला आले, आणि माझा रस्ता तिथं सरळ झाला.

‘सर, हा माझा जॉब आहे.’

‘व्हय. तुझाच.’ नाही म्हणतील, निदान अडखळतील, असं मला वाटलं होतं. ‘तुज्यासारखा हातानं केलेला जॉब परत आला न्हाई या शेडमध्ये. मग दुसरा कुठला वापरणार? तूच सांग. पट्टी तुमच्या तुकडीनंतर आलीच न्हाई. विजेचं कनेक्शन तोडलंय. निदेशकाची जागा भरत न्हाईत, मी एकटा, तीन तुकड्या, वर निवडणुकीची कामं. आन पोरं तर येत्यात. कुठली? ज्यांना कुठंच घेत न्हाईत ती. त्यांना पास तर करायला पायजे का नको? तुज्या त्या जॉबवर सतरा पोरं पार झाली, माया. दोघं पलटणीत गेली, एक लोणंदच्या कंपनीत सुपरवायझर हाय. पुण्य लागंल तुला.’

पुण्य. मला त्या माणसाच्या खिशातली दोन्ही पेनं मोडावीशी वाटली. मी म्हटलं, ‘पुण्य नको मला. डिप्लोमात माझं काय झालं विचारलंत कधी? तुमच्या त्या सरळ रस्त्यावर पुढं गणित होतं, ते तुम्ही सांगितलं नव्हतं. इथं फळ्यावर एक बेरीज कुणी मांडली नाही दोन वर्षं. मला हात तेवढा आला, तोही माझा मी घासून घासून आला. आता तुम्ही पोरांना तोही देत नाही. हिला आज मी पास केली तर जूनमध्ये ती डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाऊन बसेल, आणि तिथं तिला कानस धर म्हणतील.’

‘आन नापास केलीस तर?’ सर शांतपणे म्हणाले. ‘तर ती आईसंगं चपात्या लाटंल. पास केलीस तर डिप्लोमा तर डिप्लोमा, निदान कुठं तरी बसंल. मी जूनमध्ये रिटायर होऊन सुटतोय गं. माजं काय जातंय? निकाल खाली आला का तुकडी बंद, वरच्या सायबांना तेवढंच पायजे.’ मग त्यांनी मार्कलिस्ट माझ्यापुढं सरकवली. त्यात नऊ जणांचे आकडे पेन्सिलनं आधीच भरलेले होते. मी फक्त शाईनं गिरवायचे. नऊ नंबरापुढं एकेचाळीस. ‘हे असंच असतंय,’ ते म्हणाले. ‘तुजंबी असंच होतं. तू त्या जॉबला आता माप लावलंस न्हवं, तवा कुणी लावलं होतं? ते सांगलीचे परीक्षक, बारा वाजता आले, जेवले, गेले. शेहेचाळीस मी लिवले होते. आदल्या दिवशी.’

मला ते सांगलीचे परीक्षक आठवत होते. आठवत होते म्हणजे काय, मी त्यांना अठरा वर्षं जपलं होतं. पांढरा शर्ट, जाड भिंगाचा चष्मा. त्यांनी माझा जॉब उजेडासमोर धरला होता, दात आणि खोबण, आणि मान हलवली होती. धरला होता का? का तो मीच धरला होता, आणि ते दारातून चूळ भरायला बाहेर जात होते? त्या दिवशी दहा जण होतो आम्ही आणि मटणाचा वास शेडभर होता, एवढं खरं. बाकीचं मी कुठून आणलं, कुणास ठाऊक. माझा जॉब चांगला होता. मला माहीत आहे तो चांगला होता, मी घासलाय तो, पुरे तीन तास, बोटांच्या चामड्या जाईपर्यंत. पण चांगला आहे असं कुणी बघून सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा माप लावणारी मी, आणि माप आलं सहा पूर्णांक नऊ. आमच्या टेबलावर असा पार्ट आला तर मी त्याच्याकडं दुसऱ्यांदा बघत नाही, लाल रंगाचा फराटा मारते आणि खालच्या पेटीत टाकते.

सरांचा राग आला, हे ठीक. पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त राग मला अजूनही त्या पोरीचाच येत होता. ती वाईसला टेकून उभी होती आणि आमचं सगळं ऐकत होती. बाकीचे आठ दाराशी घोळका करून, हे कधी आटपतंय म्हणून मोबाइल बघत. तिच्याकडं मोबाइल होता की नव्हता कोण जाणे, ती माझ्याकडं बघत होती. मी पेन्सिलीचा एकेचाळीस खोडरबरानं पुसला. सर म्हणाले, माया, विचार कर. मी म्हटलं, केला. कपाटाची किल्ली द्या.

किल्ली द्यायला त्यांना वेळ लागला. कपाटात कानशी होत्या, गंजून एकमेकींना चिकटलेल्या. त्या कुणाच्याच कामाच्या नव्हत्या. लोखंड कापायचा एक हॅकसॉ मात्र होता, आणि कागदात गुंडाळलेली दोन नवी पाती, कधी काळी कुणी तरी आणून ठेवलेली. पातं मी स्वतः चढवलं. मग माझ्या जॉबचा दाताचा तुकडा घेतला, त्यावर टाचणीनं मधोमध एक सरळ रेघ ओढली, आणि तो तिच्या हातात दिला. ‘लाव वाईसला. या रेघेवरून काप. दोन भाग कर. जेवढं सरळ येईल तेवढे मार्क.’

सर म्हणाले, ‘अगं, ह्यो तुजा जॉब हाय.’

‘आता नऊ नंबरचा आहे,’ मी म्हटलं.

तिनं करवत धरली ती सुरी धरल्यासारखी. मी तिच्या हातावर फटका मारला, जोरात. पुढचा हात फ्रेमवर, मागचा मुठीवर, पाय लांब टाक, ढकलताना जोर, ओढताना नाही. ती दोनदा चुकली, दोनदा मी ओरडले, आणि तिसऱ्यांदा पात्यानं लोखंड धरलं. तो आवाज मी किती वर्षांनी ऐकत होते. माझ्या लोखंडाचा बुकणा तिच्या चपलांवर पडत होता. आणि मला वाटत होतं काप, लवकर काप, या कपाटात परत काही जाता कामा नये, पुढच्या साली नाही की त्याच्या पुढच्या. मध्येच ती थांबली, तळवा बघितला. अंगठ्याच्या मुळाशी फोड आला होता. मी म्हटलं, बघू नको त्याच्याकडं. ती परत लागली. तिच्या कपाळावरून घाम थेट वाईसवर गळत होता. दाराशी ते आठ जण आता मोबाइल खिशात घालून उभे होते, आपलीही पाळी येणार हे त्यांना कळून चुकलं असावं.

अर्ध्या तासानं तुकडा पडला. मी उचलला, गरम होता. काप रेघेवर सुरू झाला होता आणि मग डावीकडं वळत वळत गेला होता. व्हर्नियर लावलं. चार मिलिमीटर तिरका. मी शाईनं लिहिलं, पन्नासपैकी बारा. तिच्यासमोर लिहिलं, लपवून नाही. सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘पासाला किती लागत्यात?’ अपेक्षानं विचारलं.

‘अठरा.’

ती रडेल असं मला वाटलं. रडली असती तर मला सोपं झालं असतं, मी पर्स उचलून साताऱ्याची एसटी धरली असती. तिनं फोडाचा हात ओढणीला पुसला आणि टेबलावर नजर फिरवली. ‘दुसरा तुकडा हाय न्हवं अजून,’ ती म्हणाली. ‘तीन तास हायत परीक्षेला. दीडच तास झालाय.’ आणि मी काही म्हणायच्या आत तिनं खोबणीचा तुकडा उचलला. उजेडाकडं धरला, मी धरला होता तसा, आतल्या बाजूनं बोट फिरवलं आणि थांबली. अठरा वर्षांत सतरा पोरं, सतरा परीक्षक, आणि जयराज सर, कुणाचं बोट तिथं थांबलं नव्हतं.

‘मॅडम, ह्यो खराब हाय,’ ती म्हणाली. ‘आत खाच पडलीया. कुणीतरी चुकलंय हितं.’

मी तिच्या बोटाखालच्या त्या जागेकडं बघितलं. माझ्या तोंडाशी काय काय आलं होतं.

‘चुकलंय,’ मी म्हटलं. ‘लाव वाईसला. रेघ तुझी तू ओढ.’ आणि घड्याळ बघून वेळ लिहून घेतली.